कस्टम कंट्रोलमधील डेटा बाइंडिंग : दोषशोधन

पडद्यावरचा एखादा घटक आणि प्रोग्राममधली माहिती यांच्यात फ्रेमवर्कने (प्रोग्राम ज्यावर उभा राहतो त्या तयार सांगाड्याने) सांभाळलेल्या दुव्याला डेटा बाइंडिंग म्हणतात. माहिती बदलली की पडदा बदलतो आणि दुहेरी बाइंडिंग असेल तर पडद्यावर केलेला बदल माहितीपर्यंत पोचतो. फ्रेमवर्कसोबत मिळणाऱ्या तयार कंट्रोलवर (बटण, मजकुराची चौकट अशा पडद्यावरच्या घटकांवर) हा दुवा सहसा त्रास देत नाही. प्रोग्रामरने स्वतः घडवलेल्या कंट्रोलवर मात्र तो अनेकदा तुटतो, आणि तुटल्याचे सांगतही नाही. प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होतो, खिडकी उघडते, फक्त आकड्याची जागा कोरी राहते.

मॅक ओएस एक्स १०.३ मध्ये (२००३) कोको या मॅकवरच्या फ्रेमवर्कमधली कोको बाइंडिंग्ज आली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००६ मध्ये डॉट नेट फ्रेमवर्क ३.० बरोबर डब्ल्यूपीएफ (विंडोजवरच्या प्रोग्रामांचे पडदे घडवण्याचे फ्रेमवर्क) आणले आणि त्याची सगळी रचनाच बाइंडिंगभोवती उभी केली. कस्टम कंट्रोलमधले बहुतेक दोष तिथे ठसठशीत स्वरूपात भेटतात, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः डब्ल्यूपीएफला धरून आहे.

सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष डेटाकॉन्टेक्स्टचा, म्हणजे बाइंडिंगने माहिती कोणत्या वस्तूत शोधायची हे सांगणाऱ्या गुणधर्माचा. हा गुणधर्म पालक घटकाकडून मुलांकडे वारशाने जातो. खिडकीला व्ह्यूमॉडेल (पडद्यासाठीची माहिती सांभाळणारी वस्तू) जोडले की आतल्या सगळ्यांना ते आपोआप मिळते. समजा, तारे दाखवणारे ‘रेटिंग’ नावाचे यूजर कंट्रोल केले आणि त्याला ‘व्हॅल्यू’ हा गुणधर्म दिला. आतल्या बाइंडिंगला व्हॅल्यू सापडावी म्हणून कंट्रोल लिहिणारा कन्स्ट्रक्टरमध्ये (कंट्रोल तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) डेटाकॉन्टेक्स्टला स्वतःचाच संदर्भ देऊन टाकतो. आतले सगळे लगेच चालू लागते, त्यामुळे ही ओळ बरोबरच वाटते. पुढे कोणी ते कंट्रोल खिडकीत ठेवून व्हॅल्यूला व्ह्यूमॉडेलमधला ‘स्कोअर’ जोडतो, तेव्हा फ्रेमवर्क स्कोअरचा शोध व्ह्यूमॉडेलमध्ये न घेता रेटिंग कंट्रोलमध्येच घेते. तो तिथे नसतोच.

अशा वेळी व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाच्या आउटपुट खिडकीत ४० क्रमांकाची त्रुटी उमटते. ती लांबलचक असते आणि बहुतेक जण ती पुरती न वाचताच पुढे जातात. पण निदान तिच्यातच असते. कोणता गुणधर्म सापडला नाही, तो कोणत्या वस्तूवर शोधला आणि बाइंडिंग कोणत्या घटकाच्या कोणत्या गुणधर्मावर होते, एवढे सगळे त्या ओळीत दिलेले असते. वरच्या उदाहरणात ‘जिथे शोधले ती वस्तू’ आणि ‘लक्ष्य घटक’ या दोन्ही जागी ‘रेटिंग’ हेच नाव येते. कंट्रोलने डेटाकॉन्टेक्स्ट बळकावल्याची ही खूण. डेटाकॉन्टेक्स्ट मुळातच रिकामा असेल तर एरवी ही ओळदेखील येत नाही, आणि ते प्रकरण जास्त अवघड.

यावरचा उपाय साधा आहे. डेटाकॉन्टेक्स्ट कंट्रोल वापरणाऱ्याचा असतो, लिहिणाऱ्याने त्याला हात लावू नये. आतल्या घटकांनी कंट्रोलला नावाने किंवा रिलेटिव्ह सोर्सने (घटकवृक्षातल्या आपल्या जागेवरून शोधून) गाठावे. फार तर आतल्या मूळ पॅनेलपुरता वेगळा डेटाकॉन्टेक्स्ट द्यावा.

दुसरे ठिकाण म्हणजे डिपेंडन्सी प्रॉपर्टीची, म्हणजे ज्याचे मूल्य डब्ल्यूपीएफ स्वतः सांभाळते अशा गुणधर्माची, नोंदणी. बाइंडिंगचे लक्ष्य ही डिपेंडन्सी प्रॉपर्टीच असावी लागते. तिच्याभोवती नेहमीच्या गुणधर्मासारखा गेट-सेटचा वेष्टक लिहितात, पण बाइंडिंग त्या वेष्टकाला वळसा घालून थेट मूल्य बसवते. सेटमध्ये लिहिलेला ‘तारे पुन्हा रंगव’ असा कोड मग कधी चालतच नाही आणि तिथला ब्रेकपॉइंटही (प्रोग्राम मध्येच थांबवण्यासाठी लावलेली खूण) लागत नाही. हे काम नोंदणीच्या वेळी दिलेल्या बदल-कॉलबॅकचे, म्हणजे मूल्य बदलले की फ्रेमवर्क स्वतः चालवते त्या कोडचे. नोंदणीचा कोड दुसऱ्या कंट्रोलमधून उचलून आणताना मालक वर्गाचे नाव जुनेच राहणे हीसुद्धा नेहमीची चूक. मूळ मूल्य म्हणून एखादी यादी दिली तर त्या कंट्रोलच्या सगळ्या प्रतींना तीच एक यादी मिळते, आणि एका प्रतीत भरलेले दुसरीत दिसू लागते. अशी यादी प्रत्येक प्रतीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये नव्याने बनवावी लागते.

‘पहिल्यांदा चालते, मग बंद पडते’ अशी तक्रार आली की संशय थेट नेमणुकीवर घ्यावा. वापरकर्त्याने चौथ्या ताऱ्यावर क्लिक केले आणि कंट्रोलने आतून व्हॅल्यूला ४ दिले, तर त्या गुणधर्मावरचे एकेरी बाइंडिंग पुसले जाते. त्यानंतर स्कोअर कितीही बदलो, तारे हलत नाहीत. डॉट नेट ४ मध्ये (२०१०) आलेली सेटकरंटव्हॅल्यू ही पद्धत बाइंडिंग शाबूत ठेवून मूल्य बदलते. पण ज्या गुणधर्माचे मूल्य वापरकर्ताच बदलणार आहे, त्याची नोंदणी ‘मुळातच दुहेरी’ अशी करणे अधिक शहाणपणाचे, कारण डब्ल्यूपीएफमध्ये तसे सांगितले नाही तर बाइंडिंग एकेरी धरले जाते.

स्रोताच्या बाजूचे दोष त्या मानाने सोपे. बदलाची सूचना देणारा इंटरफेस राबवलेला नसणे किंवा सूचनेत गुणधर्माचे नाव चुकणे, एवढेच बहुधा निघते. टेक्स्टबॉक्समधला मजकूर मात्र फोकस सुटल्यावरच स्रोताकडे जातो. साधनपट्टीवरचे ‘जतन करा’ बटण दाबताना तो फोकस सुटत नाही आणि जुनेच मूल्य जतन होते. अद्ययावत करण्याची वेळ ‘प्रत्येक बदलाला’ अशी दिली की हा प्रश्न मिटतो.

टेम्प्लेटने (दिसण्याच्या साच्याने) सजवलेल्या कंट्रोलमध्ये साच्याला कंट्रोलच्या गुणधर्माशी जोडणारे टेम्प्लेटबाइंडिंग हलके असते, पण ते फक्त एकेरी चालते. मजकूर परत स्रोतापर्यंत न्यायचा असेल तर टेम्प्लेटेड पॅरेंटला (साचा ज्याला लावला त्या कंट्रोलला) धरून पूर्ण बाइंडिंग लिहावे लागते. डेटाग्रिडचे स्तंभ घटकवृक्षात नसतात, त्यामुळे त्यांना डेटाकॉन्टेक्स्टचा वारसा मिळत नाही. राइट क्लिकचा मेनू वेगळ्याच खिडकीत उघडतो, आणि ज्या घटकावर तो उघडला त्याच्यामार्फत स्रोत गाठावा लागतो.

शोधाच्या साधनांत पहिले आउटपुट खिडकी. एखाद्या संशयित बाइंडिंगवर ट्रेसची (अंतर्गत नोंदींची) पातळी ‘हाय’ केली की ते स्रोत कसा शोधते, याची पायरीपायरीने नोंद मिळते. चालत्या प्रोग्रामचा घटकवृक्ष स्नूप या मुक्त साधनात उघडून प्रत्येक घटकाचा डेटाकॉन्टेक्स्ट पाहता येतो. काहीच न करणारा कन्व्हर्टर (एरवी वाटेत मूल्याचे रूपांतर करणारा कोड) मध्ये बसवून त्यात ब्रेकपॉइंट लावण्याची युक्ती जुनी, पण खात्रीची. ब्रेकपॉइंट लागला तर माहिती स्रोतातून निघाली आहे, दोष लक्ष्याकडे शोधावा.

इतर फ्रेमवर्कमध्ये नावे बदलतात, दुखणे तेच राहते. वेबसाठीच्या अँग्युलरमध्ये स्वतःच्या घटकावर एनजीमॉडेल हे दुहेरी बाइंडिंग लावायचे तर कंट्रोलव्हॅल्यूअ‍ॅक्सेसर राबवावा लागतो. तो नसला तर व्हॅल्यू अ‍ॅक्सेसर नसल्याची त्रुटी तरी स्पष्ट येते. व्ह्यू (Vue) या वेब फ्रेमवर्कच्या दुसऱ्या आवृत्तीतला घटक तिसऱ्या आवृत्तीत आणल्यावर त्याचे व्ही-मॉडेल (तिथले दुहेरी बाइंडिंग) थंड पडते, कारण ‘व्हॅल्यू’ आणि ‘इनपुट’ यांच्या जागी ‘मॉडेलव्हॅल्यू’ आणि ‘अपडेट:मॉडेलव्हॅल्यू’ ही नावे आली. अँड्रॉइडमध्ये दुहेरी बाइंडिंगसाठी मूल्य घटकावर बसवणारा अ‍ॅडॉप्टर लिहिताना नवे मूल्य जुन्याशी ताडून पाहिले नाही, तर बदल आणि सूचना यांचे चक्र अखंड फिरत राहते.