कीस्टोअर रूपांतर

डिजिटल प्रमाणपत्र (सर्व्हरची किंवा व्यक्तीची ओळख पटवणारा, सही केलेला दस्तऐवज) आणि त्याच्या जोडीची खाजगी की (मालकाने गुप्त ठेवायची सांकेतिक किल्ली) ज्या फाइलीत पासवर्ड लावून एकत्र ठेवतात, तिला कीस्टोअर म्हणतात. त्यातला ऐवज एका स्वरूपाच्या फाइलीतून दुसऱ्या स्वरूपाच्या फाइलीत नेणे म्हणजे कीस्टोअर रूपांतर. ‘रूपांतर’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. खाजगी की तीच राहते, प्रमाणपत्रावरची सहीही तीच राहते, बदलते ते फक्त वेष्टन. त्यामुळे या कामासाठी नवे प्रमाणपत्र मागवावे लागत नाही.

वेब सर्व्हरवर सर्रास दिसणारे स्वरूप म्हणजे पीईएम. ‘प्रायव्हसी एन्हान्स्ड मेल’ ही १९९०च्या दशकातली ईमेल-सुरक्षेची योजना रुजली नाही, तिचे हे स्वरूप मात्र टिकले. डीईआर या द्विमान मांडणीतले बाइट बेस-६४ या पद्धतीने साध्या अक्षरांत आणून वर-खाली ‘बिगिन’ व ‘एंड’च्या ओळी लावल्या की पीईएम होते. नेहमीच्या आकाराच्या प्रमाणपत्राचा मजकूर एम, आय, आय या तीन रोमन अक्षरांनीच सुरू होतो, कारण डीईआरचे पहिले दोन बाइट षोडशमान पद्धतीत ३० आणि ८२ असतात. विंडोजवर पीएफएक्स या नावाने ओळखले जाणारे पीकेसीएस-१२ हे स्वरूप खाजगी की, प्रमाणपत्र आणि ते मूळ प्रमाणपत्राशी जोडणाऱ्या साखळीतील मधली प्रमाणपत्रे एकाच फाइलीत बांधते. जेकेएस हे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचे स्वतःचे जुने स्वरूप. जावा ९पासून (२०१७) मात्र तेथेही पीकेसीएस-१२ हेच वेगळे न सांगता वापरले जाणारे स्वरूप ठरले.

पीईएममधून जेकेएसकडे जाण्याची रुळलेली वाट पीकेसीएस-१२वरून जाते, कारण जावाबरोबर येणारे कीटूल हे साधन सुटी पीईएम खाजगी की आत घेत नाही. आधी ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या साधनाच्या पीकेसीएस-१२ आज्ञेने, एक्सपोर्ट हा पर्याय देऊन, खाजगी की व प्रमाणपत्र बांधतात आणि मग कीटूलच्या इम्पोर्टकीस्टोअरने जेकेएस बनवतात. की आणि प्रमाणपत्र एकमेकांच्या जोडीचे नसतील, तर ओपनएसएसएल पहिल्याच पायरीवर नकार देते.

खरा वेळ जातो तो बारीकसारीक गोष्टींत. नाव दिले नाही तर जावात त्या नोंदीचे उपनाव नुसते ‘१’ असे दिसते, आणि सर्व्हर भलतेच उपनाव शोधत बसतो. मधले प्रमाणपत्र बांधायचे राहिले, तर ते स्वतःहून मिळवणारा ब्राउझर तक्रार करत नाही, पण दुसरा एखादा प्रोग्रॅम जोडणी नाकारतो. जेकेएसमध्ये फाइलीचा आणि कीचा पासवर्ड वेगळा ठेवता येतो. पीकेसीएस-१२साठी कीटूल तो एकच धरते. ओपनएसएसएल ३.० (२०२१) पासून आरसी२सारखे जुने सांकेतिकीकरण आपोआप उपलब्ध नसते, म्हणून तशी जुनी पीएफएक्स फाइल उघडताना ‘लेगसी’ हा पर्याय द्यावा लागतो. पासवर्ड बरोबर असूनही.

पी७बी या फाइलीत फक्त प्रमाणपत्रे असतात, खाजगी की नसते; एकट्या तिच्यापासून सर्व्हरचे कीस्टोअर बनत नाही. प्राप्तिकर विवरणपत्रावर डिजिटल सही करण्यासाठी भारतात जे यूएसबी टोकन वापरतात, त्यातली खाजगी की टोकनाबाहेर काढताच येत नाही, त्यामुळे तिची पीएफएक्स फाइलही करता येत नाही.