कृष्णाकाठची जमीन कशी घडली: कड्यापासून मळीपर्यंत

महाबळेश्वरच्या माथ्यावरून वाईच्या बाजूला पाहिले की समोरच्या डोंगरांवर कुणीतरी आडव्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. ते लाव्हाचे थर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ते एकावर एक साचत गेले आणि आजही जवळजवळ आडवेच आहेत. हे डोंगर हिमालयासारखे घड्या पडून उभे राहिलेले नाहीत. मधला भाग ओढ्यांनी वाहून नेला. उरले त्याला आपण डोंगर म्हणतो.

थर सगळे एका ताकदीचे नसतात, आणि खरी गोम तिथेच आहे. काळा घट्ट कातळ उभ्या भेगांनी चिरलेला असतो. त्याच्या खाली बऱ्याचदा मांजऱ्या लागतो, म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला ठिसूळ दगड. कुठे दोन थरांमध्ये भाजल्यासारखा लाल मातीचा पट्टा असतो. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, या पट्ट्यावर अडते आणि आडवे झिरपते. पट्टा फुगतो, सुटतो, पोखरला जातो. वरच्या कातळाचा आधार गेला की तो भेगेवर तुटून कोसळतो. त्यामुळे कडा झिजून उतरता होत नाही. उभाच राहून मागे सरकतो. सज्जनगड, वैराटगड यांना तासलेले कडे मिळाले ते असे. पाचगणीच्या टेबल लँडवर आणि कासला वर जांभ्याचे टोपण आहे, म्हणून माथा सपाट टिकला.

नुसते पाणी कातळ फारसे कापत नाही. कापतात ते पाण्यातले दगडगोटे. खळग्यात अडकलेला गोटा भोवऱ्यात गरगरतो, बूड खरवडतो आणि रांजणखळगा तयार होतो. त्यात वेगाचे गणित मोठे विषम आहे: वेग दुप्पट झाला की पाणी ढकलू शकते त्या दगडाचे वजन सुमारे 64 पट होते. एरवी झुळझुळणारा ओढा वर्षाचे बहुतेक काम आषाढ-श्रावणातल्या मोजक्या दिवसांत उरकतो, ते यामुळेच.

एकाच डोंगरावर उगम असूनही कृष्णा आणि सावित्री यांचे स्वभाव वेगळे. सावित्री शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये अरबी समुद्र गाठते. कृष्णेला बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे 1,400 किलोमीटर जायचे असते. उतार तीव्र असल्याने सावित्रीच्या घळी माथ्याकडे वेगाने खात जातात आणि पाणलोटाची सीमा हळूहळू पूर्वेकडे ढकलली जाते.

कृष्णा उगमापासून वाईपर्यंत सुमारे 600 मीटर खाली येते. कराडला कोयना तिला समोरून भेटते. तिथून पुढे चित्र पालटते: कराड समुद्रसपाटीपासून 565 मीटरच्या आसपास, तर सांगली 550 च्या. उतार संपल्यावर नदी ओझे टाकू लागते. आधी गोटे, मग वाळू, शेवटी गाळ. हीच मळीची जमीन (कारखान्याची मळी नव्हे), जिच्यावर कृष्णाकाठच्या वांग्यांचे नाव झाले. खटावकडून येणारी येरळा कमी पावसाची. तिचे पात्र रुंद आणि वाळूचे, उन्हाळ्यात कोरडे.

उतार इतका कमी की सांगलीच्या खाली हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा भरून आली की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, सांगलीकडे फुगवटा चढतो. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते. ज्या सपाटीवर पूर पसरतो ती सपाटी पुरांनीच घातलेली आहे.

काठ मात्र पूर चढताना जितका ढासळतो त्याहून अधिक पूर उतरताना ढासळतो. पाणी टेकलेले असते तोवर ते काठाला बाहेरून रेटा देते. ते झपाट्याने उतरले की आधार जातो. पण माती अजून गच्च भिजलेली, जड असते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला धार पायथाही कोरते. अशा वेळी कडेपासून थोडे आत, काठाला समांतर चीर पडते आणि अख्खी दरड एकदम खाली बसते. पायथ्याची माती विटांसाठी उचलली असेल किंवा अगदी कडेपर्यंत नांगर घातला असेल, तर हे लवकर होते. वाळ्याची दाट ओळ वरची माती धरून ठेवते, पण पायथा कोरला जात असेल तर तीही दरडीबरोबर जाते. चीर दिसली की काठावरची मोटर त्याच दिवशी मागे घ्यावी आणि आत पाणी मुरू नये म्हणून चीर माती ठोकून बुजवावी.