हवा आत जाते हो, बाहेर निघत नाही

आमचे रामबागेतले मामा सकाळी नेहरू पार्कात फिरतात, त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, अर्धी फेरी झाली की बाकाच्या पाठीवर हात टेकून वाकून उभे राहतात, आणि येणारा-जाणारा सांगून जातो, "मामा, लांब श्वास घ्या!" सल्ला नेमका उलटा. मामांचं अडतं ते श्वास सोडताना.

बसल्या बसल्या आपण मिनिटाला साधारण 15 श्वास घेतो, म्हणजे एकाला 4 सेकंद. भरभर चाललं की 30, म्हणजे 2 सेकंद, त्यातले सोडायला जेमतेम सव्वा. आपलं भागतं. पण सीओपीडीत बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघडं ठेवणारं लवचिक फुप्फुसच झिजलेलं असतं, जोराने सोडायला गेलं की नळ्या मिटतात, थोडी हवा आत उरते, त्यावर पुढचा श्वास, अजून थोडी उरते. तुम्ही धडधाकट असाल तर करून बघा, छातीभर श्वास घ्या, जरासाच सोडा, त्यावरच परत घ्या, असं चार-पाचदा. खांदे वर चढतात, जीव घाबरा होतो, आणि छाती तर हवेने भरलेली!

आता खरी गंमत. अडकलेल्या हवेचा दाब समजा 5 सेंटिमीटर पाण्याएवढा आहे. स्नायूंनी आधी हे 5 ओढून शून्यावर आणायचे, तोवर बाहेरची हवा आत शिरतच नाही. बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं मशीन, मास्कमधून श्वास सोडतानाही 4 चा दाब ठेवतं, म्हणजे ओढायचा राहिला 1, शिवाय घेताना दाब वाढवून वरून ढकलतं ते वेगळंच. ते लावून सायकलवर व्यायाम करवतात, काहींना जास्त वेळ पेडल मारता येतं. पण मास्क-नळी घेऊन पार्कात कोण फिरणार?

म्हणून ओठांचा चंबू. नाकाने 2 मोजत घ्यायचा, गरम चहावर फुंकर घालतो तसा 4 मोजत सोडायचा. नळ्यांत थोडा दाब टिकतो, श्वासही संथ होतो. आणि सिलिंडरचा ऑक्सिजन? तो ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडतो त्यांच्यासाठी, आणि तोही मनाने वाढवायचा नाही, काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो.

शरद पौर्णिमेला दम्याची खीर वाटतात, ती मीपण खातो, छान लागते, नळ्या काही उघडत नाहीत. श्वास कोंडून धरणारा कुंभक तर मामांनी करूच नये.

व्यायामाने फुप्फुस दुरुस्त होत नाही, पाय तयार होतात, तेवढ्याच चालीला हवा कमी लागते. मामांची अर्धी फेरी आता पाऊण झालीये, स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून फुप्फुसं तपासायच्या चाचणीचा, आकडा होता तिथेच आहे.