लेआउट : बेळगाव परिसरातील वसाहतरचना आणि बांधकामाचे नियम

लेआउट म्हणजे शेतजमीन बिनशेती करून, तिच्यात रस्ते, गटारे, उद्यान आणि सार्वजनिक सोयींच्या जागा सोडून, उरलेल्या भागाचे प्लॉट पाडून आखलेली निवासी वसाहत. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात मराठी माणूस 'प्लॉट' म्हणतो. सरकारी कन्नड कागदावर त्याच तुकड्याला 'निवेशन', आराखड्याला 'विन्यास नक्षे' आणि बिनशेतीला 'भू परिवर्तने' असे नाव असते. शब्द वेगळे दिसले तरी मंजूर लेआउट ओळखण्याची खूण एकच. त्यात किती प्लॉट पाडले यापेक्षा किती जमीन न विकता सोडली, हे आधी बघावे.

हिशोब साधा आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, अर्थात १,०८९ चौरस फूट. एकराचे झाले ४३,५६० चौरस फूट. मंजूर लेआउटमध्ये रस्ते, उद्यान आणि सोयींच्या जागा वजा जाता निम्म्याहून थोडी अधिक जमीनच विक्रीला उरते. ती पंचावन्न टक्के धरली तर ३० बाय ४० चे जेमतेम वीस प्लॉट निघतात. तेच शेत कुणाची परवानगी न घेता, वीस फुटी वाट तेवढी ठेवून कापले तर एकोणतीसपर्यंत निघतात. बेळगावच्या चारी बाजूंना वाढलेल्या विनापरवाना वसाहतींचे मूळ या नऊ प्लॉटांत आहे. बाकीची कारणे, म्हणजे कार्यालयांचे हेलपाटे, एजंटांची साखळी, शेतकऱ्याची नड, ही खरी असली तरी त्यानंतरची.

दोन राज्यांचा वारसा

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या कारभाराची भाषा अजून गेलेली नाही. बिनशेतीला बंगळूरकडे 'डीसी कन्व्हर्जन' म्हणतात, बेळगावात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे 'एनए' म्हणतात. शहरातल्या जुन्या मिळकतींना सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, शिवारातल्या जमिनीला आरएस (सर्व्हे) नंबर आणि हिस्सा. आरटीसी, म्हणजे जमीनहक्क आणि पिकांच्या नोंदीच्या, पत्रकाला इथले कन्नड शेतकरीसुद्धा 'उतारा' म्हणतात. कायदे मात्र म्हैसूर आणि पुढे कर्नाटकचे. नगररचनेसाठी १९६१ चा नगर व ग्राम नियोजन कायदा, बिनशेतीसाठी १९६४ च्या जमीन महसूल कायद्याचे कलम ९५, महापालिका हद्दीतल्या घरबांधणीसाठी १९७६ चा महानगरपालिका कायदा, आणि 'बुडा' या नावाने सगळ्यांना माहीत असलेल्या बेळगाव नगरविकास प्राधिकरणासाठी १९८७ चा कायदा. खेड्यात घर बांधायचे तर १९९३ चा पंचायत राज कायदा. पण ते खेडे नियोजन क्षेत्रात येत असेल, तर नुसता ग्रामपंचायतीचा शिक्का लेआउटला पुरत नाही. हे अनेकांना घर उभे राहिल्यावर कळते.

आखलेली वसाहत ही कल्पना इथे या कायद्यांच्या आधीपासून आहे. टिळकवाडीचे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आणि बंगल्यांभोवतीची मोकळी जागा पाहिली की ते लक्षात येते. गणपत गल्ली, नार्वेकर गल्ली किंवा शहापूरच्या जुन्या पेठा (शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानातले) याच्या उलट. भिंतीला भिंत, उंबऱ्यापुढे लगेच रस्ता आणि घराची सगळी खोली मागे परसापर्यंत लांबलेली. अशा मिळकतीत नियमाप्रमाणे बाजूची जागा सोडायची म्हटले तर जिन्याएवढेच घर उरेल. कॅम्पचा भाग आणखी निराळा. तिथे छावणी मंडळाचा, २००६ च्या कायद्याखालचा कारभार चालतो, आणि मालकी जीएलआर नावाच्या स्वतंत्र नोंदवहीत पाहावी लागते.

झोन, एनए आणि मंजुरी

पहिला प्रश्न जमीन कोणत्या झोनमध्ये आहे हा. मास्टर प्लॅनच्या नकाशात निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक संस्थांचा लाल, उद्याने हिरवी. म्हणून 'यलो झोन हाय काय बघा आधी' हा इथल्या जमीन व्यवहारातला नेहमीचा सल्ला. तो बरोबरच आहे, पण अपुरा. पिवळा रंग म्हणजे पुढेमागे घरे होऊ शकतील एवढीच शक्यता. त्याने शेत बिनशेती होत नाही आणि बिनशेती झाले म्हणून लेआउट मंजूर होत नाही. हिरव्या पट्ट्यातली जमीन घ्यायची तर आधी नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १४-ए खाली जमीनवापर बदलून घ्यावा लागतो, मग जिल्हाधिकाऱ्यांकडून एनए, आणि त्यानंतर त्याच नियोजन कायद्याच्या कलम १७ खाली आराखड्याची मंजुरी. तीन पायऱ्या, तीन कागद. जाहिरातीत यांतला जो एक हाती असतो तो मोठ्या अक्षरांत छापतात.

आराखडा आधी तात्पुरता मंजूर होतो. मग जागेवर मार्किंग होते, हद्दीचे दगड रोवले जातात, रस्ते खडीकरणापर्यंत येतात, पाण्याच्या नळ्या, गटारी आणि विजेचे खांब होतात. नव्या निवासी लेआउटमध्ये ९ मीटरपेक्षा, म्हणजे तीस फुटांपेक्षा, अरुंद रस्ता सहसा मंजूर होत नाही. रस्ते, उद्यान आणि सोयींच्या जागा प्राधिकरणाच्या नावे लिहून द्याव्या लागतात. तो दस्त म्हणजे रिलिंक्विशमेंट डीड. काम पुढे सरकेल तसे प्लॉट विक्रीसाठी मोकळे होतात. बाजारात याला 'चाळीस-तीस-तीस' म्हणतात: पहिल्या टप्प्यात चाळीस टक्के, नंतर तीस, शेवटी उरलेले तीस. विकसकाने सोयी पुऱ्या कराव्यात म्हणून त्याच्याच मालाचा काही भाग अडवून ठेवण्याची ही रीत आहे. म्हणून प्लॉट घेताना लेआउट मंजूर आहे का एवढे विचारून भागत नाही. आपला नंबर रिलीज यादीत आहे का, हेही बघावे लागते. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर २०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली नोंदणीही लागते, मग तो फक्त प्लॉटांचा का असेना.

यानंतर जो काळ येतो त्याची नोंद नियमांच्या पुस्तकात फारशी सापडत नाही. सोयी पूर्ण झाल्यावर लेआउट महापालिकेकडे किंवा पंचायतीकडे हस्तांतरित व्हायचा असतो. तो होईपर्यंत पथदिवे, गटारी आणि कचरा ही विकसकाची जबाबदारी. प्लॉट संपले की विकसक पुढच्या शेताकडे वळतो, पालिका म्हणते 'आमच्याकडे आलेला नाही', आणि रहिवासी वर्गणी काढून बोअरवेल दुरुस्त करतात. प्रस्तुत लेखकाने अशा एका वसाहतीत सहा वर्षे बॅटरी घेऊन रात्रीचे चालणे अनुभवले आहे. घरपट्टी मात्र त्या सहाही वर्षांची भरली.

सोडलेली जागा

लेआउटमधल्या मोकळ्या जागा दोन प्रकारच्या. उद्यान आणि मैदान ही एक, आणि शाळा, दवाखाना, टपाल कार्यालय अशा उपयोगासाठीची 'सीए (सिव्हिक अमेनिटी) साइट' दुसरी. सीए साइट संस्थांना भाडेपट्ट्याने देता येते, उद्यान देता येत नाही. बंगळूरच्या राजमहाल विलास विस्तारातल्या एका वसाहतीत उद्यानाची जागा खाजगी इस्पितळाला दिली गेली होती. रहिवासी कोर्टात गेले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. उद्यानासाठी राखलेली जागा ही रहिवाशांच्या हक्काची, मंत्र्याच्या मर्जीची नाही, असा त्या निकालाचा आशय. राज्यात उद्याने व मोकळ्या जागांच्या रक्षणासाठी १९८५ पासून वेगळा कायदाही आहे.

बेळगावच्या वसाहतींत मोकळ्या जागेचा ताबा इस्पितळ घेत नाही. तो गणपती घेतो. आधी उत्सवाचा मंडप, मग पत्र्याची शेड, मग चौथरा, मग शिखर. देवाला हलवा म्हणायला कुणी पुढे येत नाही आणि पोरे रस्त्यावर क्रिकेट खेळतात.

कोपऱ्याच्या प्लॉटांचे गणित वेगळेच. प्राधिकरणाच्या स्वतःच्या लेआउटमध्ये ते वाटपात जात नाहीत, लिलावात निघतात. कुमारस्वामी लेआउट, रामतीर्थनगर, महांतेशनगर या बुडाच्या वसाहती. कणबर्गीची ६१ नंबरची योजना जमीनमालकांच्या कोर्टकज्ज्यांमुळे वर्षानुवर्षे रखडली. प्राधिकरणाचा प्लॉट मिळाला तरी सुरुवातीला तो लीज-कम-सेल करारावर असतो. घर बांधण्याची अट पाळून मुदत भरल्यावर खरेदीपत्र होते.

घराचे नियम

प्लॉटच्या हद्दीपासून सोडायच्या जागेला महाराष्ट्रात मार्जिन म्हणतात, इथे सेटबॅक. पुढचा-मागचा सेटबॅक प्लॉटच्या खोलीवर आणि बाजूंचा रुंदीवर ठरतो. किती बांधायचे ते एफएआर, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या क्षेत्राला प्लॉटच्या क्षेत्राने भागून येणारा आकडा, ठरवतो (मुंबई-पुण्यात त्यालाच एफएसआय म्हणतात), आणि तो प्लॉटचे क्षेत्र आणि समोरच्या रस्त्याची रुंदी पाहून मिळतो. उदाहरणादाखल ३० बाय ४० चा प्लॉट घ्या. पुढे-मागे पाच-पाच फूट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडले, तर जमिनीवर २४ बाय ३०, म्हणजे ७२० चौरस फूट घर बसते. एफएआर १.७५ असेल तर एकूण २,१०० चौरस फूट बांधता येते, म्हणजे जवळजवळ तीन मजले. नियम इतके कंजूष नाहीत. तरीही लोकांना पहिला मजलाच हद्दीला टेकवायचा असतो. वरचे मजले पुढे बांधायचे असतात, पैसे येतील तसे. मग छज्जा सेटबॅकमध्ये येतो, छज्जाची बाल्कनी होते, बाल्कनीला खिडक्या लागतात. खाली गटारीवर फरशी टाकून पायऱ्या आणि गाडीचा उतार. पावसाळ्यात गटार तुंबले की ती फरशी उचलायला चार माणसे लागतात.

सांबरा विमानतळाच्या आसपास उंचीसाठी आणि लष्करी हद्दीलगत बांधकामासाठी वेगळे ना-हरकत पत्र लागते. घर झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचे असते. पूर्वी ते न घेताही वीज मिळून जायची. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रमाणपत्राशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये असे बजावल्यावर ही पळवाट आवळली गेली.

बाँडवरचे प्लॉट

बिनशेती न करता शेतातच कापलेल्या वसाहतीला रेव्हेन्यू लेआउट म्हणतात. सर्व्हे नंबरातला हिस्सा विकायला ११-ई नकाशा, म्हणजे त्या हिस्स्याचा मोजणी नकाशा, लागतो, आणि दीड गुंठ्याच्या तुकड्यांसाठी तो व्यवहार सरळ होत नाही. म्हणून स्टँपपेपरवर करार, जोडीला वटमुखत्यारपत्र. लोकभाषेत हे 'बाँडवरचे प्लॉट'. वटमुखत्यारपत्रावरच्या अशा विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. उताऱ्यावर शेतकऱ्याचेच नाव राहते. तो वारला की त्याची मुले वारसा लावतात, आणि दहा वर्षे राहणाऱ्या घरमालकाला पुन्हा सह्यांसाठी त्यांच्या दारात उभे राहावे लागते. गिरणीत, फाउंड्रीत, यंत्रमागावर राबणाऱ्यांनी शहराजवळ घर केले ते बहुतेक याच वाटेने. मंजूर लेआउटमधला प्लॉट त्यांच्या ऐपतीत कधी नव्हताच. नियम मोडणारा आणि नियमाने पोळलेला असा तो एकच माणूस आहे.

सरकारने अशी बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याची 'अक्रम-सक्रम' योजना आणली. निवासी इमारतीत ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांत २५ टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन तिच्यात बसत होते. उच्च न्यायालयाने तिला हिरवा कंदील दाखवला, पण जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पुढे नोंदणीसाठी ई-खाते, म्हणजे मिळकतीची संगणकीय नोंद, सक्तीचे झाले आणि २०२५ मध्ये नगरपालिका हद्दीतल्या अनधिकृत मिळकतींना 'बी खाते' देण्याची मोहीम निघाली. बी खाते म्हणजे कर भरण्याची सोय. त्याने लेआउट मंजूर होत नाही.

सीमेच्या पलीकडे चित्र बदलते. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीला पोचले की चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा. तिथे उताऱ्याला सातबारा म्हणतात, बांधकामाला २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागते, आणि गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनींसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. माणसे, सोयरिकी आणि शेतीची रीत दोन्हीकडे सारखीच. बेळगावच्या बाजूला मात्र खरेदीपत्र कन्नडमध्ये येते. 'चक्कबंदी' म्हणजे चतुःसीमा आणि 'कंदाय' म्हणजे सारा, हे दस्त लिहिणाऱ्या बाँडरायटरने सांगितले की मराठी खरेदीदार मान डोलावतो आणि सही करतो. निदान चक्कबंदीचा परिच्छेद तरी घरी नेऊन कुणाकडून वाचून घ्यावा. पूर्वेला रस्ता लिहिलाय की दुसऱ्याचा प्लॉट, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

शहराच्या दक्षिणेला वडगाव, शहापूर, येळ्ळूरचे शिवार बेळगाव बासमतीसाठी ओळखले जाते. बळ्ळारी नाला तिथूनच वाहतो आणि जोराच्या पावसात दोन्ही काठ बुडवतो. याच काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत प्लॉटांचे दगड रोवलेले दिसतात. ते उन्हाळ्यात रोवतात. जमीन दाखवायलाही उन्हाळ्यातच नेतात. जुलैत गेले तर रोपे लावलेल्या चिखलात दगडांची पांढरी टोके तेवढी वर असतात, काही तीही नसतात.