होस्टेलमधली पावडर, नाक्यावरचं क्रॅक

१९ जून १९८६ ला सकाळी मेरीलँड विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये लेन बायस कोसळला. बास्केटबॉलचा हा कृष्णवर्णीय खेळाडू अवघा बावीस वर्षांचा होता. दोनच दिवसांपूर्वी बॉस्टन सेल्टिक्स संघानं त्याला निवडलं होतं. मृत्यूचं कारण निघालं कोकेन. अमेरिकेत ड्रग्ज विकून कोण आत जातं आणि कोण पदवी घेऊन बाहेर पडतं, या गोष्टीची सुरुवात मला याच खोलीत दिसते.

प्रतिनिधिगृहाचे सभापती टिप ओनील बॉस्टन भागातलेच. लोक हळहळत होते, निवडणूक तोंडावर होती. नेहमीच्या सुनावण्यांना फाटा देऊन कायदा रेटला गेला आणि २७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली. विक्रीसाठी ५ ग्रॅम क्रॅक जवळ सापडलं तर किमान ५ वर्षं कैद. पावडर कोकेनला तीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम लागत! क्रॅक म्हणजे तरी काय, खाण्याचा सोडा आणि पाणी घालून शिजवलेली तीच पावडर. पाच ग्रॅम म्हणजे साखरेचा जेमतेम एक चमचा. पण स्वस्त क्रॅक गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत नाक्यावर विकलं जाई, महाग पावडर पैसेवाल्यांच्या पार्ट्यांत फिरे. पुढची कित्येक वर्षं क्रॅकच्या संघीय खटल्यांत शिक्षा झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय होते. बायस गेला तो पावडरनं, आणि त्याच्या मृत्यूतून आलेल्या कायद्यानं त्याच्याच समाजातली पोरं आत टाकली. हे लिहिताना आजही हात जड होतो.

कॅम्पसवर चित्र वेगळं होतं. नाक्यावर उभ्या पोराला पोलीस सहज हटकतात. होस्टेलच्या खोलीत शिरायला वॉरंट लागतं. तिथली बरीच प्रकरणं डीनच्या टेबलावरच मिटत. शाळेपासून १००० फुटांच्या आत विक्री केल्यास दुप्पट शिक्षेची तरतूद संघीय कायद्यात आहे आणि त्यात कॉलेजंही येतात. तिचा फास मात्र दाट वस्तीच्या शहरांत आवळला जातो, कारण तिथे जवळपास प्रत्येक गल्ली कुठल्या ना कुठल्या शाळेच्या टप्प्यात येते.

१९९८ मध्ये आणखी एक घाव बसला. ड्रग्जच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या विद्यार्थ्याची सरकारी आर्थिक मदत बंद. गांजा जवळ सापडल्याची पहिली शिक्षा असली तरी एक वर्ष. ही अट फक्त ड्रग्जच्या गुन्ह्यांना होती. ज्याची फी बाप भरतो त्याला या नियमाची झळ लागायचा प्रश्नच नव्हता.

पोलीस कॅम्पसवर कधी गेलेच नाहीत असं नाही. २००८ मध्ये सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात मोठी धरपकड झाली, डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाच विद्यार्थी पकडले गेले. या घटना देशभर गाजल्या. नाक्यावरच्या रोजच्या अटका कुठल्या पेपरात येणार?

आर्थिक मदतीची अट रद्द करणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला. क्रॅक आणि पावडरमधली १०० पटींची तफावत २०१० मध्ये १८ पटींवर आली होती. कायद्याच्या पुस्तकात ती अजून १८ च आहे.