बॅटल ब्रदर्स आणि वॉरटेल्स: एकावरची टीका दुसऱ्याच्या माथी नको

भाडोत्री सैनिकांची टोळी, गाठीला थोडे पैसे, पगार आणि जेवणाची सततची चिंता, मोठा नकाशा, पाळीपाळीने लढाई, आणि मेला तो मेला. हे वर्णन बॅटल ब्रदर्स या कॉम्प्युटर गेमला पण लागू होतं आणि वॉरटेल्स या दुसऱ्या गेमला पण, त्यामुळे आमच्याकडे रत्नागिरीत निम्मी पोरं एकाबद्दल ऐकलेली तक्रार सरळ दुसऱ्यावर ढकलून मोकळी होतात. "नशिबाचा खेळ आहे रे, ९५ टक्के दाखवतो आणि वार हुकतो" असं कोणी वॉरटेल्सबद्दल बोललं की मला खरंच वाईट वाटतं, कारण वॉरटेल्समधे साध्या वाराला अशी टक्केवारी नसतेच, मारला की लागतो.

आधी ओळख. बॅटल ब्रदर्स जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या ओव्हरहाइप स्टुडिओजचा, २०१७ मधे पूर्ण बाहेर आला. वॉरटेल्स फ्रान्समधल्या बोर्दोच्या शिरो गेम्सचा, डिसेंबर २०२१ पासून अर्धवट अवस्थेत खेळता येत होता आणि पूर्ण झाला एप्रिल २०२३ मधे.

आता नशिबाचं बघू, कारण सगळ्यात जास्त भांडण त्यावरच होतं. बॅटल ब्रदर्समधे प्रत्येक वाराला टक्केवारी असते आणि ती ९५ च्या वर जात नाही, ५ च्या खाली येत नाही, म्हणजे तुमचा कितीही तयार माणूस असला तरी वीसात एखादा वार वाया जाणार हे धरूनच चालायचं. वर डोक्याचं चिलखत वेगळं, अंगाचं वेगळं, आणि शिरस्त्राण न घातलेल्याच्या डोक्यात घाव बसला की तीन-चार तास वाढवलेला माणूस एका क्षणात गेला. टीका करणारे म्हणतात हा अन्याय आहे. मला हे अर्धंच पटतं. कारण सुटायचे रस्ते गेमने दिलेत: भाला घेतला की वार लागायची शक्यता वाढते, दोघातिघांनी एका शत्रूला घेरलं की अजून वाढते, उंचावर उभं राहायचं, ढाली जोडून रांग धरायची, आणि अगदीच नाही जमलं तर सरळ पळ काढायचा. टोळीत वीस माणसं ठेवता येतात पण मैदानात बाराच उतरतात, म्हणजे माणसं मरणार आणि मागची पुढे येणार हे बनवणाऱ्यांनी हिशोबातच धरलंय. ज्याला एकही माणूस गमवायचा नाही त्याला हा गेम क्रूर वाटणारच, पण ती तक्रार खेळणाऱ्याच्या अपेक्षेची आहे. आणि भरतीत शेतकरी, भिकारी, कोळी असे साधे लोक स्वस्तात मिळतात, त्यातलाच एखादा पुढे जाऊन सगळी फळी एकटा धरतो तेव्हा जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेला नाही.

बॅटल ब्रदर्सवरची खरी टीका वेगळीच आहे. नकाशा दर वेळी नवा तयार होतो, पण हाताने लिहिलेली अशी सलग गोष्ट नाही, आणि बरेच तास झाले की कामं तीच तीच येतात. मुरलेली टोळी एका लढाईत संपली तर परत उभी करायला जो वेळ जातो तो सगळ्यांकडे नसतो. (माणसं छातीपर्यंतच काढलीत, पाय नाहीत, यावर लोक नाक मुरडतात. मला ती पटावरच्या सोंगट्यांसारखी छान वाटतात.)

वॉरटेल्समधे घाव नक्की बसणार म्हटल्यावर सगळा खेळ क्रमाचा होतो. तुमची पाळी आली की आपल्यातला कोण हलणार ते तुम्ही निवडता, कोणाला कोणाशी अडकवून ठेवायचं ते तुम्ही ठरवता, आणि खास डावपेचांसाठी सगळ्या टोळीत मिळून एकच शौर्याचा साठा असतो तो जपून वापरायचा. इथली रास्त टीका अशी की टोळी मोठी केली की समोर शत्रू पण जास्त येतात, लढाया लांबतात, आणि एकदा डावपेचांची चांगली जोडी सापडली की प्रत्येक लढाईत तेच करत बसावं लागतं. हे मला पण जाणवतं, म्हणून मी टोळी लहानच ठेवतो.

अजून एक, कोणी वॉरटेल्सला फार सोपा किंवा फार अवघड म्हणालं तर आधी विचारा की कुठल्या पद्धतीने खेळला. सुरुवातीलाच ठरवायचं असतं की शत्रूची ताकद त्या त्या प्रदेशाप्रमाणे ठरलेली हवी की तुमच्याबरोबर वाढणारी, आणि या दोन्हींचा अनुभव इतका वेगळा आहे की एकाचं मत दुसऱ्याच्या कामाचं नाही.

पैशाचा ताण मात्र दोन्हीकडे अस्सल आहे. आपल्याकडे मिरकरवाडा बंदरात बोटवाल्याला विचारा, मासळी मिळो न मिळो, डिझेल, बर्फ आणि खलाशांचं जेवण चुकत नाही, तसंच इथे. फरक एवढाच की बॅटल ब्रदर्स रोज पगार कापतो आणि काम शोधायला पळवतो, वॉरटेल्स मुक्काम टाकायला लावतो, तिथे कोणी स्वयंपाक करतो, कोणी लोहारकाम, कोणी मासे पकडून आणतो, चोरी केली तर शिपाई मागे लागतात. त्या मुक्कामासाठी लोक या गेमवर प्रेम करतात, आणि ते प्रेम खरं आहे.

मग घ्यायचा कुठला? जुना लॅपटॉप असेल आणि पावसात लाईट, रेंज दोन्हीचा भरवसा नसेल तर बॅटल ब्रदर्स, एकट्यानेच खेळायचा असतो आणि मशीनवर फार भार टाकत नाही. मित्र मिळून खेळायचं असेल तर वॉरटेल्स, चार जणांपर्यंत एकत्र खेळता येतं. फक्त समुद्र आणि जहाजं आहेत म्हणून आपल्याकडची पोरं पायरेट्स ऑफ बेलेरियन ही वॉरटेल्सची वेगळी विकत मिळणारी जोड आधी घ्यायला बघतात, ते करू नका, आधी मूळ गेममधले टिल्ट्रेन आणि आर्थेस हे प्रदेश नीट खेळा, ती नंतर घेतली तरी चालतंय.