परम ८००० : तीन वर्षांची मुदत आणि त्यानंतर

१९८० च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेने मागितलेलं मॉडेल नाकारलं आणि कमी ताकदीचं दिलं, तेही अटी घालून. मग स्वतःचाच महासंगणक बनवण्यासाठी मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था सुरू झाली. सूत्रं संगणकशास्त्रज्ञ विजय भटकरांकडे, मुदत तीन वर्षं, निधी सुमारे ३० कोटी रुपये. लक्ष्य होतं सेकंदाला १०० कोटी आकडेमोडी.

या लक्ष्याची मांडणीच मला फार मोलाची वाटते. किती वेग हवा ते ठरलेलं होतं, तो कसा गाठायचा हे शास्त्रज्ञांवर सोडलेलं होतं. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवणं आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून सावडीने शेत काढावं तसं काम अनेक छोट्या प्रोसेसरांत वाटायचं ठरलं. अडचण असते ती त्यांच्या आपसातल्या देवाणघेवाणीची. त्यासाठी ट्रान्सप्युटर ही चिप निवडली, कारण शेजारच्या चिपांशी थेट बोलणारे चार दुवे तिच्यातच होते. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला.

पैजही एकाच घोड्यावर लावलेली नव्हती. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत फ्लोसॉल्व्हर, मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात अनुपम, असे महासंगणकाचे इतर प्रयत्न त्याच काळात चालू होते.

आता त्या चिपची गोष्ट. ट्रान्सप्युटर बनवणारी इनमॉस ही ब्रिटिश कंपनी १९७८ मध्ये तिथल्या सरकारच्याच पैशातून उभी राहिली होती. म्हणजे आपल्या मोहिमेचं यश दुसऱ्या देशाच्या सरकारी गुंतवणुकीवर उभं होतं. पण १९८४ मध्ये ब्रिटिश सरकारने कंपनी विकली. पुढची चिप, टी९०००, रखडली आणि ट्रान्सप्युटरचा वंशच खुंटला. पुढच्या महासंगणकासाठी, परम ९००० साठी, सी-डॅकला दुसऱ्या प्रोसेसरांकडे वळावं लागलं.

राष्ट्रीय महासंगणन मोहीम २०१५ मध्ये मंजूर झाली : सात वर्षं, ४,५०० कोटी रुपये. तिच्यातून आलेले परम रुद्र महासंगणक २०२४ मध्ये कार्यान्वित झाले. त्यांतला एक पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी काम करतो. सर्व्हरची रचना आणि बांधणी इथली आहे, प्रोसेसर मात्र इंटेलचे. सी-डॅक आता ‘औम’ नावाचा स्वतःचा प्रोसेसर विकसित करत आहे. त्याला मुदत जरूर घालावी. पण त्याच्या पुढच्या दोन पिढ्यांचा निधीही आजच बांधून द्यायला हवा.